खुराड्याचं फिटिंग

आमच्या गल्लीतली कात्रीमावशी स्वतःच्या हातचं कोरं करकरीत शिवण भर दुपारी टराटरा फाडत सुटली, तो दिवस मी पाहिलाय. या दोन डोळ्यांनी, मधल्या भिंतीवरून. भिंतीवरून बघण्याला आमची ही ‘डोकावणं’ म्हणते, मी शेजारधर्म म्हणतो. तो धर्म मी पाळला नसता तर आज तुम्हाला हे सांगायला कोण होतं?

कात्रीमावशी हे नाव तिला हातातल्या कात्रीवरून पडलं की तोंडातल्या, यावर गल्लीत अजून एकमत नाही. मी तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, पण मीही तिला मावशीच म्हणतो. त्यात जरा सुरक्षित वाटतं. चाळीस वर्षं ती शिवणकाम करते. पुढच्या खोलीत पायाने चालवायचं मशीन, बाजूला कापायचं लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले कागदी नमुने, आणि दारासमोर एक पाटी: ‘माप एकदाच घेतलं जाईल. उसवून मिळणार नाही.’ ही पाटी तिने दुसऱ्या कुणाकडून रंगवून घेतली नाही. स्वतः कापडावर टाके घालून शिवली आणि चौकटीत बसवली.

आणि खरंच, आयुष्यात तिने एक शिवण उसवली नाही. बेकरीवाला एकदा पँट घेऊन परत आला, कमरेत बसत नाही म्हणून. मावशी चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, “पँट आहे तेवढीच आहे. तू या महिन्यात पाव किती खाल्लेस ते सांग.” बेकरीवाला पँट घेऊन परत गेला आणि तीन आठवड्यांनी ती घालून आला. फिटिंग म्हणजे मावशीचा जीव की प्राण. कुठे सुरकुती नको, कुठे झोल नको, कापड आणि अंग यांच्यामध्ये बोटसुद्धा शिरता कामा नये.

या फिटिंगचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे तिची सख्खी नणंद. गल्ली तिला नर्सताई म्हणते. सदतीस वर्षं दवाखान्यात वॉर्ड सांभाळला. डॉक्टर लोकसुद्धा तिला विचारून शिंकायचे. अकरा वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमासाठी भावजयीकडून नवा पांढरा युनिफॉर्म शिवून घेतला. कार्यक्रमात पुष्पगुच्छ घ्यायला ती वाकली आणि दोन बटणं सुटली. एक पहिल्या रांगेत गेलं, दुसरं मोठ्या डॉक्टरांच्या चहात. हे मी ऐकीव सांगत नाही, चहाचा कप उचलणाऱ्या आयानेच मला सांगितलं.

घरी येऊन नर्सताई म्हणाली, “वहिनी, यात मला श्वास घेता येत नाही. बाजू उसवून दे.”

मावशी म्हणाली, “फिटिंग बरोबर आहे, वन्सं. तुम्ही श्वास जास्त घेता.”

झालं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. अकरा वर्षं! आणि राहतात कुठे, तर पाठीला पाठ लावून. मावशीच्या मागच्या दारासमोर नर्सताईचं मागचं दार, मध्ये वीस पावलांचं सामाईक परसू, आणि त्या वीस पावलांवर ये-जा करणारा एकच माणूस, तो म्हणजे मावशीचा नवरा. नर्सताईचा धाकटा भाऊ. बाळ्या. पोस्टमन.

पोस्टातून त्याला निवृत्त केलं, पण घरात त्याची नोकरी चालूच राहिली. बायकोचा निरोप बहिणीला, बहिणीचा बायकोला. सकाळची डाक, दुपारची डाक. फक्त एक होतं. पोस्टात त्याने कधी कुणाचं पत्र फोडलं नाही, आणि घरात एकही पत्र जसंच्या तसं पोचवलं नाही. नर्सताई म्हणायची, “सांग तुझ्या बायकोला, कोंबड्यांनी माझी वांग्याची रोपं उकरली. उद्या एकेकीची मान धरते.” पोस्टमन वीस पावलं चालायचा, आणि चालता चालता मजकूर धुऊन, पिळून, वाळवून घ्यायचा. पलीकडे पोचेपर्यंत त्याचं होऊन जायचं, “ताई म्हणते, कोंबड्या तब्येतीने छान झाल्यात.”

कोंबड्या नऊ. परसात जाळीचं खुराडं, वर पत्रा, माणूस वाकून आत जाईल एवढं. नऊ जणींत एक हवालदार, ती दिसेल त्याच्या पोटरीला चोच मारते. दोघी जुळ्या, त्या एकाच जागी, एकाच वेळी भांडतात. आणि या सगळ्यांवर मालकीण. तपकिरी, तुरा एका बाजूला कललेला, वय सहा. अंडी देणं तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलं, रुबाब सोडला नाही. दुपारी ती घरात शिरायची आणि शिवणमशीनच्या पायपट्टीवर जाऊन बसायची. मावशी तिला हलवायची नाही. पट्टीच्या उरलेल्या कोपऱ्यावर एक पाय टेकवून मशीन चालवायची. ज्या बाईने गिऱ्हाइकाला अर्धा इंच जागा दिली नाही, तिने कोंबडीला अर्धी पायपट्टी दिली होती. यावरून काय ते समजा.

तर त्या वर्षीचा उन्हाळा. रस्त्याचं डांबर चपलेला धरून ठेवायचं. इस्त्रीवाल्याने इस्त्री पेटवणंच सोडलं. म्हणाला, कपडे दोरीवरूनच कडक होऊन येतात. नळ सोडला की पहिली बादली चहाला चालेल अशी. आणि एका दुपारी बातमी आली, बेकरीवाल्याच्या चार कोंबड्या गेल्या. सकाळी दाणे टिपत होत्या, चार वाजता आडव्या. ना रोग, ना मांजर. नुसत्या उन्हाने.

मावशीने हातातला झगा अर्धा टाकला. खरंच सांगतो, एका बाहीचा झगा मशीनवर लोंबत होता. गळ्यातला टेप घेऊन ती तडक खुराड्याकडे गेली आणि लांबी, रुंदी, उंची, कोपरे, सगळं मोजून घेतलं. दोन दिवस मशीन थांबलं नाही. जुन्या चादरी जोडून दुपदरी पडदे झाले. खुराड्याच्या चारही बाजूंना चार, प्रत्येकाला काजं, खांबांना बटणं. एकूण अठ्ठेचाळीस. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने ते चढवले, नळीने चिंब भिजवले, आत थर्मामीटर टांगलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“मावशी,” मी भिंतीवरून म्हणालो, “खुराड्याला सूट शिवलास, टाय कुठाय? आणि कोंबड्यांचं माप कधी घेतलंस?”

“तुमच्या भिंतीवरच्या डोक्याचं घेऊन ठेवलंय, भाऊ. टोपी शिवते. तोंड झाकेल अशी.”

पण काम बघण्यासारखं होतं. बाहेर चव्वेचाळीस, आत सदतीस. पडदा खांबाला असा बसला होता की मुंगीला आत जायचं तर परवानगी काढावी लागेल. फक्त वर, पत्रा आणि पडदा यांच्यामध्ये वीतभर मोकळी फट होती. ती मावशीला खुपत होती, ते मला दिसत होतं.

तेवढ्यात पलीकडच्या दारात नर्सताई आली. तिने पडदे पाहिले. कपाळाला आठ्या.

“बाळ्या, इकडे ये. तुझ्या बायकोला सांग, हे खुराडं नाही, प्रेशर कुकर झालाय. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकते, त्याच वाटेने तिच्या अंगातली उष्णता जाते. चारी बाजू बंद करून आत वाफ कोंडलीस, तर धापा टाकून काय उपयोग? दोन बाजू उघड म्हणावं, वारा आरपार जाऊ दे. आणि दुपारचे दाणे बंद. दाणे पचवताना अंग आणखी तापतं. एवढी अक्कल नसेल तर म्हणावं कोंबड्या सोड आणि भरतकाम करत बस!”

पोस्टमन निघाला. पहिली पाच पावलं तो गंभीर होता. दहाव्या पावलाला त्याने मान हलवली. विसाव्या पावलाला चेहऱ्यावर हसू.

“काय म्हणाल्या?” मावशीने विचारलं.

“ताई म्हणते, पडदे सुंदर झालेत. त्यावर भरतकामसुद्धा कर म्हणते.”

मी भिंतीवरच होतो. बोलायला हवं होतं, मान्य. पण अकरा वर्षांत पहिल्यांदा मावशीचा चेहरा असा उजळला होता की माझी जीभ टाळ्यालाच चिकटली. ऊन फार होतं, असंही म्हणता येईल.

“सांगा वन्संना,” मावशी मान वर करून म्हणाली, “उशिरा का होईना, कळायला लागलं म्हणावं!”

आणि ही डाक पलीकडे पोचली ती अशी: “ती म्हणते, तू सांगितलंस ते कळलं.”

नर्सताई समाधानाने आत गेली. मावशी आनंदाने मशीनवर बसली. संध्याकाळपर्यंत चारही पडद्यांवर लाल दोऱ्याची चार फुलं उमलली होती. आणि उरलेल्या कापडाची तिने एक झालर केली, आणि ती ठोकली कुठे? पत्र्याखालच्या त्या वीतभर फटीवर. चहूबाजूंनी. आता फिटिंग पूर्ण झालं.

दुसरा दिवस. वारा पार पडलेला. रेडिओवर बाईंनी सेहेचाळीसचा आकडा सांगितला आणि स्वतःच जरा थांबल्या. मावशीने बाराला पडदे पुन्हा भिजवले, लाडाने मूठमूठ दाणे टाकले, बटणं लावली, थर्मामीटर पाहिलं, अडतीस, आणि खुशीत आत जाऊन मशीनवर बसली. मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन भिंतीशी. का? तर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय ते कळत नव्हतं. मग कळलं. आवाज नव्हता. नऊ कोंबड्या, त्यांत जुळ्या, आणि भांडण नाही!

नर्सताई बादली घेऊन बाहेर आली. तिची नजर खुराड्यावर गेली. पडदे चारी बाजूंनी बंद. वर झालर. झालरीखाली फुलं. बादली तिच्या हातातून पडली.

“बाळ्याऽऽ!”

बाळ्या न्हाणीघरात होता. आतून फक्त पाण्याचा आवाज. नर्सताईने अर्धा क्षण वाट पाहिली असेल, नसेल. मग ती निघाली. अकरा वर्षांत न ओलांडलेली ती वीस पावलं, मी मोजली, तेरात संपवली तिने. एक बटण काढायला गेली, निघेना. दुसरं निघालं. पडद्याचा कोपरा उचलला आणि भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर येते तशी वाफ तिच्या तोंडावर आली.

आत कोंबड्या चोची वासून उभ्या होत्या. पंख अंगापासून लांब, माना पुढे ताणलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. हवालदाराच्या पायाला नर्सताईचा हात लागला तरी तिने चोच मारली नाही. आणि कोपऱ्यात मालकीण एका कुशीवर पडली होती.

आरडाओरडा ऐकून मावशी धावत आली. मागून पोस्टमन, कमरेला टॉवेल, कानात साबण.

“सांगा यांना,” मावशी नवऱ्याकडे बघून ओरडली, “आत अडतीस आहे! बाहेरपेक्षा आठने कमी! थर्मामीटर बघा म्हणावं!”

“सांग तिला...” नर्सताईने भावाकडे तोंड फिरवलं. आणि थांबली. मग वळली. सरळ. मावशीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “वहिनी! थर्मामीटर बघू नकोस, चोच बघ!”

मी भिंतीला घट्ट धरलं. पोस्टमनच्या हातातला लोटा खाली पडला.

मावशी वाकली. तिने चोची पाहिल्या. तिने मालकिणीला पाहिलं. उभी राहिली तेव्हा चेहरा तिच्या चादरींसारखा पांढरा.

“वन्सं... बटणं...” तिचे हात काजांवर धावले. पण काजं नवी, कापड ओलं, फुगलेलं, आणि फिटिंग मावशीचं. एक बटण निघेना. अठ्ठेचाळीस बटणं!

“बटणं काढत बसशील तर संध्याकाळ होईल,” नर्सताई म्हणाली. “फाड!”

मावशीची कात्री नेहमी तिच्या कमरेला दोरीने बांधलेली असते. तिने ती हातात घेतली. पडद्याकडे पाहिलं. त्या लाल फुलाकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, ही पाटीवाली बाई आहे, हिच्याने होणार नाही.

टर्रर्र!

पहिला पडदा मधोमध गेला. टर्रर्र, दुसरा! कात्री कमी पडली तशी तिने हातांनीच ओढायला सुरुवात केली. शिवणी तटातट तुटत होत्या, बटणं उडत होती, एक माझ्या कपाळावर येऊन लागलं. झालर तिने दातांनी तोडली. दातांनी! आणि तोंडाने अखंड चालू होतं, “कशाला शिवली गं मी, कशाला शिवली!”

“रडणं नंतर!” नर्सताईचा वॉर्डातला आवाज लागला. अकरा वर्षं तो आवाज निवृत्त होता, पण एक स्वर गंजला नव्हता. “बाळ्या, घमेली, पराती, जे पसरट असेल ते आण, चार बोटं पाणी! माठातलं पाणी, बर्फ अजिबात नको, झटक्याने मरतील! वहिनी, एकेकीला उचल, माझ्या व्हरांड्यात सावली आहे, तिकडे! आणि ओ, भिंतीवरचे! वर्षानुवर्षं बघताय ते पुरे, उतरा खाली!”

मी उतरलो. उतरताना पँट टरकली, पण त्या गोंधळात कुणाला काय ऐकू येणार? जुळ्यांना दोन काखांत घेऊन धावलो. चार वर्षांनी धावलो असेन. नर्सताईच्या व्हरांड्यात कोंबड्या परातींत उभ्या केल्या, पाय पाण्यात, आणि आम्ही त्यांच्या तुऱ्यांवर, पायांवर पाणी निथळवत होतो. पूर आल्यावर माणसं उभी राहतात ना, तशा त्या उभ्या होत्या, मुकाट, एकमेकींकडे न बघता. नर्सताईने पाण्यात चिमूट मीठ, चिमूट साखर टाकून एकेकीच्या चोचीपुढे वाटी धरली. हवालदाराने एक घोट घेतला, दुसरा घेतला, मान वर केली, आणि पोस्टमनच्या उघड्या पोटरीवर अशी चोच मारली की तो टॉवेल सांभाळत दोन पायऱ्या उडाला.

“ही वाचली!” नर्सताई ओरडली. “पुढची!”

आठ जणी वाचल्या. राहिली मालकीण.

नर्सताई तिला मांडीवर घेऊन बसली. पाय बादलीत सोडले. औषधाच्या ड्रॉपरने चोचीच्या कडेवर एकेक थेंब. मावशी समोर गुडघ्यांवर, हातात पाठीचा नमुना कापलेला पुठ्ठा, त्याने वारा घालत. बरोबर चालू मशीनच्या वेगाने.

“वन्सं, जगेल ना?”

“बोलू नकोस. वारा घाल.”

“वन्सं, ती पायपट्टीवर...”

“ठाऊक आहे. माझ्या खिडकीतून दिसतं.” नर्सताईचं बोट कोंबडीच्या पंखाखाली होतं, नजर घड्याळावर. “वारा घाल.”

पुठ्ठ्याचा आवाज तेवढा. किती वेळ गेला कोण जाणे. मला विचाराल तर वर्ष. मग त्या कललेल्या तुऱ्याखालचा एक डोळा उघडला. मालकिणीने आधी मावशीकडे पाहिलं, मग आपण कुणाच्या मांडीवर आहोत ते पाहिलं. पाय बादलीतून वर ओढले, नर्सताईच्या मांडीवर उभी राहिली, अंग झाडलं, आणि जागच्या जागी घाण केली.

मावशी हसायला लागली. मग रडायला. मग दोन्ही एकदम. “वन्सं, धुऊन देते, आत्ता धुऊन देते.”

“राहू दे,” नर्सताई म्हणाली. “अकरा वर्षांनी तुझ्या घरातून काहीतरी मिळालंय.”

आता खरी मजा. थोडा श्वास आल्यावर नर्सताईने विचारलं, “मी कालच निरोप पाठवला होता, दोन बाजू उघड म्हणून. तरी झालर लावलीस?”

“कोणता निरोप? पडदे सुंदर झालेत, भरतकाम कर, हा?”

दोघी हळूच वळल्या. पोस्टमन पायरीवर बसून पोटरी चोळत होता. अंगावरचा साबण सुकून तो पांढरा झाला होता, पीठ लावल्यासारखा.

“बाळ्या,” नर्सताई म्हणाली.

“अहो,” मावशी म्हणाली.

त्याने खाली मान घातली. “जन्मभर बंद पाकिटं वाटली. आत काय आहे ते कधी कळलं नाही, म्हणून निवांत चालायचो. तुमच्या दोघींची उघडी असतात. वाचली की पाऊलच उचलत नाही.”

नर्सताईने त्याच्या पोटरीवर ओलं फडकं ठेवलं, मावशीने पदराने त्याच्या कानातला साबण पुसला.

खुराड्याचं पुढे काय झालं, तेही सांगतो. पश्चिमेकडून ऊन येतं तिथे फाटक्या पडद्याचा एक तुकडा ओला करून लटकवला, खाली मोकळा, वर मोकळा. बाकी तिन्ही बाजूंना नुसती जाळी. पत्र्यावर पोस्टमनने वाळलं गवत पसरलं आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारलं. दाणे पहाटे आणि ऊन उतरल्यावर. पाण्याची भांडी पाच, सगळी सावलीत, आणि ती बदलायचं काम माझ्याकडे आलं. भिंतीवर उभं राहण्याचं भाडं म्हणे. तो उन्हाळा नऊच्या नऊ जणींनी काढला. बेकरीवाला दोनदा येऊन बघून गेला, आणि दोन्ही वेळा मावशीने त्याला समोर उभं करून बजावलं, “चोच बघायची. थर्मामीटर नाही.” जणू हे तिनेच शोधून काढलं होतं!

आठवड्याने नर्सताई एक कागदी पुडकं घेऊन मावशीच्या पुढच्या दाराने आली. पुढच्या! मीही सहज तिथे होतो, टरकलेली पँट घेऊन. पुडक्यात तो पांढरा युनिफॉर्म. दोन बटणं अजून गायब.

मावशीने तो हातात घेतला, बाजूची शिवण अंगठ्याने चाचपली, आणि उसवायची सुई शोधायला लागली. सापडली नाही. तिच्याकडे ती कधी नव्हतीच. शेवटी ब्लेड घेतलं.

“थांब,” नर्सताई म्हणाली. “आधी घालून तर बघू दे.”

ती आत गेली, आणि बाहेर आली. अकरा वर्षांत माणूस सुकतो. युनिफॉर्म तिच्या अंगावर व्यवस्थित बसला होता. कुठे सुरकुती नाही, झोल नाही. ती वाकली, उठली, दोन्ही हात वर केले, खोल श्वास घेतला. काही उडालं नाही.

मावशी ब्लेड हातात धरून बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू असा काही फुलला की मी टेबलावरच्या पुठ्ठ्याआड तोंड लपवलं.

“मी म्हटलंच होतं, वन्सं,” ती म्हणाली. “फिटिंग बरोबर आहे.”

“बाळ्याऽऽ!” नर्सताईने परसाकडे तोंड करून हाक मारली. “इकडे ये रे! तुझ्या बायकोला एक निरोप द्यायचाय!”

परसात पोस्टमन मालकिणीला मांडीवर घेऊन सावलीत बसला होता, आणि डाक बंद झाल्यापासून त्याला ऐकू कमी यायला लागलं होतं.